हेनिंगचं पत्र अकरा घरं फिरतं

नऊ वर्षांत आपण एकही कागद चुकीच्या ठिकाणी ठेवलेला नाही, असं हेनिंग टेडे छातीठोकपणे सांगायचा. आणि ते खरंही होतं! जपानातल्या मात्सुए शहराच्या एका अरुंद आळीत राहायला आल्यापासून दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी तो जर्मनीतल्या एक्केचाळीस नातेवाइकांना आणि मित्रांना पत्र पाठवायचा. ‘या महिन्यातलं आवडतं’ हे त्याचं नाव. काय वाचलं, काय पाहिलं आणि घरात काय चांगलं घडलं, असे तीन भाग. पत्र एक दिवस उशिरा आलं तरी ल्यूबेकच्या आत्याचा फोन यायचा.

सप्टेंबरच्या पत्राच्या तिसऱ्या भागात त्यानं लिहिलं, ‘सगळ्यात आवडतं म्हणजे रविवारी दुपारी दोन ते चार. टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. गॅलरीत मी आणि माझी दहा वर्षांची येट्टे, मध्ये एक पुस्तक. दोघांनाही उठावंसं वाटत नाही.’

वाचून कुणाच्याही डोळ्यांत पाणी यावं! अडचण एकच होती. यातलं एक अक्षरही खरं नव्हतं. ऑगस्टपासून येट्टे रविवारी दोनच्या ठोक्याला देवळामागच्या मैदानात ढोलाच्या सरावाला पळायची. ऑक्टोबरच्या उत्सवात आळीचा मोठा ढोल गाडीवरून निघतो, आणि यंदा पहिल्यांदाच तिला गाडीवर चढून वाजवायला मिळणार होतं. गॅलरीत हेनिंग एकटाच बसायचा, शेजारची खुर्ची रिकामी ठेवून. हे एक्केचाळीस माणसांना कळवायचा त्याला धीर झाला नाही.

तेच पत्र त्यानं जपानीतही लिहून काढलं, भाषेच्या शिक्षिकेला दाखवायला. कागदाखाली काहीतरी कडक हवं म्हणून टेबलावरची आळीची पाटी घेतली. ही पाटी घरोघर फिरते. तिच्या चिमट्यात कचऱ्याचे दिवस, गटारसफाई असल्या सूचना असतात. त्या वाचायच्या, शिक्का मारायचा आणि पाटी शेजारी द्यायची. ती एका रात्रीहून जास्त घरात ठेवायची नाही, हा हेनिंगचा बाणा! सकाळी सात वाजता शिक्का मारून तो पाटी शेजारच्या इनोशिताबाईंच्या दारात ठेवून आला. पत्र चिमट्यातच!

दुपारी कागद सापडेना तेव्हा त्यानं नेहमीप्रमाणे बायकोच्या आवराआवरीवर खापर फोडलं आणि पत्र पुन्हा लिहिलं.

पुढच्या रविवारी दोन वाजले. ढोल नाही. हेनिंगनं गॅलरीतून वाकून पाहिलं, तर इनोशिताबाईंचे यजमान आपली मोटार सुरू न करता हातानं ढकलत आळीबाहेर नेत होते! समोरचा भुंकणारा कुत्रासुद्धा कुणाकडे तरी पाहुणा म्हणून पाठवलेला. पाच मिनिटांत येट्टे टिपऱ्या घेऊन परत आली.

“ढोलाच्या खोलीला कुलूप आहे. रविवारी आता वाजवायचं नाही म्हणे.”

“का?”

“कुणी सांगतच नाही. सगळे माझ्याकडे बघून नुसते हसतात.”

आता खरं सांगायला हवं. त्या क्षणी हेनिंगला आनंद झाला. त्यानं पुस्तक उचललं आणि म्हणाला, “मग ये, वाचूया?” उत्तरादाखल तिच्या खोलीचं दार धाडकन बंद झालं.

सोमवारी फाटकाशी इनोशिताबाई भेटल्या. “काय हेनिंगसान, कालचे दोन तास छान गेले ना? तुमचं पत्र वाचून आमचे यजमान गहिवरले हो! म्हणाले, पोरगी मोठी झाली की बाप डोळ्यांसमोर नको होतो. जवळ बसतेय तोवर बसू दे! मग अकराही घरांनी मिळून ठरवलं.”

हेनिंगनं घर गाठलं आणि सगळं सांगून टाकलं.

“जा आणि खोटं लिहिलं म्हणून सांग,” बायको वीबके म्हणाली.

“अकरा घरांत?”

“एक्केचाळीस घरांत थापा मारताना बरं वाटलं!”

पण थाप कबूल करायची तर एकटं बसणंही कबूल करावं लागणार. त्यापेक्षा त्यानं मिठाईचे अकरा डबे आणले आणि दारोदार वाकून वाकून सांगितलं, “ढोल वाजवा हो! आम्हाला आवाज आवडतो!”

आळीचे अध्यक्ष कादोवाकी आजोबा ऐकतात कसले! “किती तो संकोच! छे छे, आमचीच मनगटं दुखत होती.” आणि इतका भिडस्त शेजारी मिळाला म्हणून आळीनं आणखी एक पाऊल पुढं टाकलं. उत्सवाच्या दिवशीही ढोलाची गाडी मागच्या रस्त्यानं न्यायची! सराव नाही, त्यामुळे लहान मुलांना गाडीवर घ्यायचं नाही.

ही बातमी येट्टेनंच जेवताना सांगितली. रडली नाही. वाटीतला भात चिवडत राहिली.

“बाबा, ते पत्र मी वाचलं. माझ्या मैत्रिणीकडे, काएदेच्या घरी.”

हेनिंगनं घास परत वाटीत ठेवला.

“छान लिहिलंयस,” ती म्हणाली. “त्यातली येट्टे माझ्यापेक्षा चांगली आहे.”

हेनिंगला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

उत्सवाआधीचा शेवटचा रविवार उजाडला. जर्मनीत रविवारी ठोकाठोक म्हणजे पापच; टेडे घराण्यात रविवारी खिळा ठोकणारा आजवर कुणी जन्माला आला नव्हता. दोन वाजता हेनिंग हातोडा आणि फळी घेऊन फाटकासमोर बसला आणि सुरू झाला. ठाण! ठाण! ठाण! घाम येईपर्यंत ठोकलं. खिळे संपले तरी ठोकलं!

कादोवाकी आजोबा घरातल्या सपाता घालूनच धावत आले. “हेनिंगसान! अहो, पोरगी वाचतेय ना?”

“नाही वाचत!” हेनिंग ओरडला. “ऑगस्टपासून नाही वाचत! मी एकटाच बसतो! तिला ढोल हवाय, मी नकोय! मी खोटं लिहिलं!”

आळीत त्यानंच करून ठेवलेली शांतता होती. त्यामुळे शब्दन् शब्द अकराही घरांत पोचला. एकेक खिडकी उघडली. दारात येट्टे उभी होती.

आजोबांनी खिळ्यांनी भरलेली फळी बराच वेळ न्याहाळली. “म्हणजे दोन ते चार तुम्ही एकटे?”

“हो.”

“रिकामे?”

“...हो.”

“मग असं सांगायचं ना! गाडी ओढायला आमचा एक माणूस कमी आहे.”

अर्ध्या तासात कुलूप निघालं, मुलं जमली, गाडी मैदानाबाहेर आली. येट्टे वर चढली. खाली हेनिंगच्या हातात मनगटाएवढा दोर. पहिला ठोका पडला आणि हेनिंगनं सगळी ताकद लावून ओढलं. सगळे थांबले तरी ओढतच राहिला!

“बाबा!” वरून अख्ख्या आळीदेखत आवाज आला. “ओढू नकोस! आम्ही थांबलोय!”

आळी खो खो हसली. हेनिंगही थांबला आणि मागे वळून वर पाहायला लागला.

“पुढं बघा!” आजोबा खेकसले. “ओढणाऱ्यानं मागं वळायचं नसतं!”

त्या दुपारी चारपर्यंत हेनिंगनं लेकीचा ढोल ऐकला. ती वाजवताना कशी दिसते, ते वीबकेला विचारावं लागलं.