पळून जाण्याची रीतसर परवानगी

टास्मानियात पळून जाऊन लग्न करायचे असेल, तर निदान एक महिना आधी तसे लेखी कळवावे लागते. कायदा सर्वांना समान आहे. पळणाऱ्यांसाठी त्यात वेगळी सवलत ठेवलेली नाही.

रोवन डिरीनला ही बातमी कळली तेव्हा तो खाडीतल्या कालवांच्या शेतावर कमरेइतक्या पाण्यात उभा होता आणि त्याची होणारी बायको टेगन फोनवर सांगत होती, "अरे, पळायचं म्हणजे लगेच नाही पळता येत. एक महिना थांबावं लागतं."

"मग आपण चालतच जाऊ या की," रोवन म्हणाला.

टेगन हसली नाही. ती दंतवैद्याकडे मदतनीस होती, आणि तिथल्या बाकीच्या तिन्ही मुली गेल्या दोन वर्षांत पळून जाऊन लग्न करून आल्या होत्या. तिघींचे फोटो सुरेख आले होते. दोन माणसे, एक समुद्र, गर्दी नाही, भाषणे नाहीत, एकमेकींशी न बोलणाऱ्या आत्यांना कुठे बसवायचे हा प्रश्न नाही. रोवनला चार आत्या होत्या, त्यामुळे त्यालाही हा विचार मनापासून पटला होता.

असे काम आपले आपण करता येत नाही, हे त्यांना राजधानी होबार्टला गेल्यावर समजले. तिथे सास्किया नावाच्या बाई वैयक्तिक आणि अर्थपूर्ण पलायनाचे नियोजन करत. त्यांनी दोघांना लोकरीच्या आसनांवर बसवले, कसला तरी पाला घातलेला चहा दिला आणि गंभीरपणे विचारले, "तुम्ही कुणापासून पळताय?"



"कुणापासून नाही," रोवन म्हणाला. "म्हणजे, दगदगीपासून."

"विरोध कुणाचा आहे?"

"कुणाचाच नाही."

"आईचा?"

"आई म्हणाली, खुशाल जा," टेगन म्हणाली. "फक्त गरम कपडे न्या म्हणाली."

एखाद्या डॉक्टरने वाईट रिपोर्ट हातात धरावा तसा सास्कियांचा चेहरा झाला. "हे बघा, मी स्पष्ट बोलते. विरोध नसेल, तर ते पलायन होत नाही. ती सहल होते. मी सहली करत नाही."

रोवनला तेव्हाच उठावेसे वाटले होते. पण टेगनचे डोळे भरून आलेले पाहून तो विचारता झाला, "विरोध नंतर मिळवला तर चालेल का?"

चालणार होते.

टेगनची आई ग्वेनिथ ही गावातल्या पोस्टात काम करणारी विधवा बाई. टेगन सहा वर्षांची असताना नवरा बोटीवर गेला तो परत आला नाही, आणि पुढचे सगळे तिने एकटीने केले. रोवन तिला जावई म्हणून इतका पसंत होता, की टेगनशी भांडण झाले तर ती त्याचीच बाजू घेई. तिला विरोध शिकवण्यासाठी सास्किया खास होबार्टहून तिच्या स्वयंपाकघरात आल्या.

"मी नेमकं काय म्हणायचं?" ग्वेनिथने विचारले.

"मुलगा तुम्हाला पसंत नाही, असं."

"पण आहे ना पसंत. गेल्या हिवाळ्यात छपराचे पत्रे उडाले, तर भर वाऱ्यात चढला तो वर."

"त्याच्यात एखादा दोष असेलच की!"

ग्वेनिथने रोवनकडे नीट निरखून पाहिले. तिला काही सापडेना. रोवनलाच तिची दया आली. "मी घोरतो," तो म्हणाला.

"ते मला कसं ठाऊक असणार?"

"आता सांगितलं ना मी! शिवाय माझ्या अंगाला कालवांचा वास येतो."

"तो तर सगळ्या गावालाच येतो, बाळा."

दोन खेपा अशाच वाया गेल्या. तिसऱ्या खेपेला सास्किया कंटाळून म्हणाल्या, "मुलाचं राहू द्या. ही तुमची मुलगी तुम्हाला न घेता लग्न करायला निघाली आहे. तिला काय सांगाल?"

ग्वेनिथ पावाला लोणी लावत होती. सुरी तशीच धरून ती म्हणाली, "काय सांगणार? तुला पहिल्यांदा शाळेत सोडलं तेव्हा दारात मी होते. दात पाडला तेव्हा होते. टायफॉइडमध्ये सतरा रात्री उशाशी होते. आता तू जन्माची गोष्ट करणार, आणि साक्षीला भाड्यानं आणलेली दोन माणसं. मी घरी कुत्र्याला फिरवायला नेणार. ने बाई गरम कपडे."

ग्वेनिथ पुन्हा लोणी लावू लागली.

"हेच!" सास्किया उठून उभ्याच राहिल्या. "अगदी हेच हवं होतं! त्या दिवशी असंच करा, फक्त थोडं मोठ्यानं. किनाऱ्यावर वारा असतो."

परतताना गाडीत टेगनने खिडकीची काच खाली केली. मग म्हणाली, "छान केला ना आईनं अभिनय?"

"छानच," रोवन म्हणाला आणि गाडीचा गिअर बदलला. ग्वेनिथला अभिनय येत नाही हे त्याला ठाऊक होते. न आवडलेली भेटवस्तू हातात घेऊन खोटे हसणेसुद्धा तिला कधी जमले नव्हते. पण सास्कियांशी सगळे ठरून गेले होते, आणि ठरलेले मोडायला जी हिंमत लागते ती त्याला त्या संध्याकाळी झाली नाही.

पुढे उद्यानाच्या कचेरीचा प्रश्न आला. समुद्रकिनारा राखीव उद्यानात होता आणि दोघांच्या एकान्तासाठी परवाना लागत होता. एकान्तात विवाह अधिकारी, दोन साक्षीदार, फोटोग्राफर, त्याचा सहायक, ड्रोन उडवणारा, केस सांभाळणारी, चेलो वाजवणारी, चेलोवर छत्री धरणारा आणि स्वतः सास्किया एवढी माणसे असणार होती. कचेरीने त्याला हरकत घेतली नाही. हरकत घेतली ती ग्वेनिथला. उद्यानाच्या हद्दीत मोठ्याने विरोध करणे म्हणजे निदर्शने, आणि निदर्शनांचा परवाना दुसरे खाते देते. त्या खात्याचा अधिकारी दीर्घ रजेवर होता.

"काही बिघडत नाही," सास्किया म्हणाल्या. "आई फाटकाबाहेर उभ्या राहतील. विरोध ऐकू आला म्हणजे झालं."

ठरल्या दिवशी आकाश स्वच्छ होते. गुलाबी खडकांमागे आणखी तीन जोडपी आपापल्या एकान्ताची पाळी येण्याची वाट पाहत होती. त्यांतली एक नवरी सँडविच खात होती. रोवन आणि टेगन पाण्याकडे तोंड करून उभे राहिले. चेलो सुरू झाला. फाटकाजवळ आपला माणूस असावा म्हणून सास्कियांनी उद्यानाच्या रेंजरशी वायरलेसवर संधान ठेवले होते. त्यांनी हात वर करून इशारा दिला.

काहीच ऐकू आले नाही.

त्यांनी पुन्हा हात वर केला. लाटा आल्या आणि गेल्या. शेवटी त्या वायरलेसमध्ये म्हणाल्या, "विरोध कुठे आहे?"

"बाई गाडीत बसल्यात," रेंजरचा आवाज खरखरत आला. "रडतायत. त्याला परवाना लागत नाही, मी नियम बघितले."

टेगनने ते ऐकले. तिने पांढरा झगा दोन्ही हातांनी गुडघ्यांपर्यंत उचलला, बूट तिथेच टाकले आणि ओल्या वाळूवरून फाटकाच्या दिशेने पळत सुटली. फोटोग्राफरचा कॅमेरा खटाखट वाजू लागला. ड्रोन तिच्या मागे निघाला.

"तुम्ही जागचे हलू नका!" सास्किया रोवनवर ओरडल्या. "चित्र सुंदर दिसतंय!"

रोवन हलला. त्याने बूटही काढले नाहीत.

तो पोचला तेव्हा टेगन गाडीत आईच्या कुशीत होती आणि ग्वेनिथ हुंदके देत सांगत होती, "विसरले गं मी. सगळं पाठ केलं होतं, आणि तोंडच उघडेना. तू जा परत. माझ्यापायी तुझं सगळं फुकट गेलं."

"मला तुझ्यासमोर लग्न करायचंय, आई."

"आणि विरोध?"

"विरोध गेला खड्ड्यात."

मागून विवाह अधिकारी धापा टाकत आले. ते निवृत्त शाळामास्तर होते आणि खडकांमागच्या एका जोडप्याचेही लग्न त्यांनाच लावायचे होते. ते घाईने म्हणाले, "कायद्याला समुद्र लागत नाही. दोन साक्षीदार लागतात, बास."

एक साक्षीदार ग्वेनिथ झाली. दुसरा कोण, म्हणून सगळ्यांनी रेंजरकडे पाहिले.

"मी कामावर आहे," रेंजर म्हणाला.

"मग हे काम समज, राजा," ग्वेनिथ म्हणाली, आणि त्याने टोपी काढली.

वाहनतळावर, कचऱ्याच्या हिरव्या पिंपांशेजारी, कुत्री आणू नयेत या पाटीखाली त्यांचे लग्न लागले. लग्नाची वचने दोघांनी मोठ्याने म्हटली. टेगनचे पाय वाळूने भरले होते. ग्वेनिथ आता हसत होती आणि तिचे नाक लालबुंद झाले होते. सास्किया तिकडे आल्याच नाहीत. त्यांच्या फोटोग्राफरचा करार फक्त किनाऱ्यापुरता होता.

टेगनचा तो पळतानाचा फोटो मात्र जगभर गेला. निर्मनुष्य किनारा, पांढरा झगा, उडणारे केस. चेलो, छत्री आणि खडकामागची तीन जोडपी पुसून टाकलेली होती. खाली लिहिले होते : फक्त ती, तो आणि समुद्र. तेव्हापासून सास्कियांकडे येणाऱ्या प्रत्येक नवरीला असेच पळायचे असते, आणि फाटकाबाहेर गाडीत रडणारी आई आता करारातच धरलेली असते. स्वतःची आई रडत नसेल, तर त्या पुरवतात.

तो फोटो तुम्हीही पाहिलेला आहे. त्यावर आवडल्याचा अंगठा उमटवून शेजारच्या माणसाला दाखवताना तुम्ही म्हणालाही होता, "लग्न असं हवं. साधं, मनापासून, कुठे देखावा नाही."

ग्वेनिथनेही त्याच दिवशी स्वतःच्या फोनने काढलेला एक फोटो टाकला होता. त्यात पिंपे होती, रेंजरची अर्धी टोपी होती, एका कोपऱ्यात तिचे स्वतःचे बोट होते आणि मधोमध दोघे तोंड वासून हसत होते. तोही तुमच्यापर्यंत आला होता. तुम्ही तो न थांबता बोटाने वर सरकवलात.