कुंग मास्तरांचं कार्डकवच

कुठल्याही सुसंस्कृत समाजात चोरी ही एकट्या चोराच्या कष्टांतून होत नाही. तिला गिऱ्हाइकाचं मनापासून सहकार्य लागतं. पूर्वी चोराला बिचाऱ्याला कौलं काढावी लागत, कुत्र्याला हाडूक टाकावं लागे. आता गिऱ्हाईक स्वतः चष्मा लावतं, कार्डावरचे आकडे एकेक करून वाचतं, पाठीमागचे तीन आकडे जोडतं आणि सगळा ऐवज चोराला घरपोच करतं. चुकलं तर पुन्हा भरतं.

हे सहकार्य थांबावं म्हणून चियायी शहरातल्या एका वॉर्डात दर शनिवारी ‘फसवणूक प्रतिबंधक वर्ग’ भरत असे. तो चालवत कुंग पो-येन, शाळेत जन्मभर शिस्त सांभाळून निवृत्त झालेले मास्तर. वर्गाची हजेरी उत्तम होती. (वर्गानंतर टर्की-भाताचा डबा मिळे. एकदा डबे आधी वाटले गेले. त्या दिवशीची हजेरी अहवालात नमूद नाही.) मास्तरांची शिकवण सोपी होती : “बँकेतून बोलतोय म्हणाला तर तो चोर. पोलीस चौकीतून बोलतोय म्हणाला तर मोठा चोर.” म्हातारी मंडळी माना डोलावत. काहींच्या माना डोलता डोलता छातीवर टेकत.

वॉर्डप्रमुख लाइबाईंचं मत पडलं की भेटवस्तूशिवाय जनजागृती मुरत नाही. तेव्हा वर्गात येणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी द्यायचं ठरलं, आणि ते शोधायची जबाबदारी मास्तरांवर आली.

मास्तरांनी मोबाइल उघडला मात्र, समोर जाहिरात हजर : कार्डकवच! चंदेरी पाकीट. त्यात कार्ड ठेवलं की चोरांच्या अदृश्य लहरी आत शिरत नाहीत. मूळ किंमत पाचशे नव्वद डॉलर. आज फक्त एकोणचाळीस. शेजारी लाल घड्याळ उलटं धावत होतं.

त्यांची बायको युए-श्या बाजूला बसून लसूण सोलत होती. तिनं डोकावून पाहिलं.

“अहो, इतकं स्वस्त कसं?”

“सरकारी अनुदान असणार.”

“आणि दुकान कुठलं म्हणायचं हे?”

“नावाजलेलं आहे गं! हे बघ, कुलपाचं चित्रसुद्धा आहे.”

कुलूप होतं, यात शंका नाही. नावाजलेल्या दुकानाचं नावही होतं. फक्त त्यात एक अक्षर जास्त होतं. ज्या माणसानं एका चुकलेल्या अक्षरासाठी पोरांच्या पिढ्याच्या पिढ्या ओणव्या उभ्या केल्या, त्याला ते दिसलं नाही, कारण घड्याळ धावत होतं. धावतं घड्याळ हा मोठा उदार शिक्षक असतो. तो सगळ्या चुका माफ करतो.

मास्तरांनी कार्डाचं संरक्षण व्हावं म्हणून कार्डाचा नंबर दिला, मुदत दिली, पाठीमागचे तीन आकडेही दिले. मग बँकेचा संदेश आला : ‘हा संकेतांक तुमचं कार्ड नव्या मोबाइलला जोडण्यासाठी आहे. कोणालाही सांगू नका.’ मास्तर नियमाचे पक्के. त्यांनी तो कोणालाही सांगितला नाही, अगदी बायकोलासुद्धा नाही. फक्त दुकानाच्या चौकटीत भरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

“कुंग काका का? मी बँकेतून च्येन बोलतेय. तुमच्या कार्डावर ताओयुआनच्या दुकानातून आत्ता एक मसाजखुर्ची घेतली गेलीय. तुम्हीच घेतलीत का?”

मास्तरांच्या चेहऱ्यावर तेज आलं. इतकी वर्षं ज्याच्याविषयी बोलत होते, तो चोर आज प्रत्यक्ष दारी आला होता. त्यांनी फोन ठेवून दिला असता, पण चोराची जिरवायची संधी पुन्हा येणार होती थोडीच?

“हो, मीच घेतली!” ते गरजले. “आणखी एक घेणार आहे! काय करशील?”

“काका, नक्की? तुम्ही ताओयुआनला आहात?”

“ताओयुआनला आहे, तायपेला आहे, सगळीकडे आहे मी! पोरी, आईवडिलांनी हेच शिकवलं का तुला?”

“बरं काका. नोंद करते,” ती म्हणाली. नोंद झाली.

थोड्या वेळानं दुसऱ्या खुर्चीसाठी फोन आला. मास्तरांनी तीही अभिमानानं आपल्या नावावर घेतली. तिसऱ्यांदा च्येन कुत्र्यांच्या बाबागाड्यांबद्दल विचारू लागली तेव्हा तिचा आवाज रडवेला झाला होता. “काका, माझ्यावर विश्वास नका ठेवू. फोन ठेवा, कार्डाच्या पाठीवर बँकेचा नंबर आहे, तो तुम्हीच लावा. हात जोडते.”

“बघ कशी अभिनय करते!” मास्तर फोनवर हात ठेवून बायकोला म्हणाले. “मघाशी खुर्ची, आता बाबागाडी! आपल्याकडे कुत्रं तरी आहे का?” आणि फोनमध्ये ओरडले, “सगळ्या बाबागाड्या माझ्याच!”

युए-श्यानं हात धुतले, मास्तरांच्या खिशातून कार्ड काढलं, ते उलटं केलं आणि पाठीवरचा नंबर लावला. बराच वेळ ती नुसती “हं… हं…” करत होती. मास्तर कौतुकानं पाहत होते. शेवटी तिनं फोन खाली ठेवला.

“अहो, ती खरीच आहे.”

“कोण?”

“च्येन. खुर्च्याही खऱ्या आहेत. कार्ड बंद करायला सांगितलंय मी.”

मास्तर खाली बसले. उठले. पुन्हा बसले.

बँकेनं वागणूक फार सौजन्याची दिली. एका थंडगार खोलीत बसवून, चहा देऊन, त्यांना त्यांचाच आवाज ऐकवला : “हो, मीच घेतली!” आवाज अत्यंत स्पष्ट होता. (बँकेच्या म्हणण्यानुसार इतकी निःसंदिग्ध संमती गिऱ्हाइकांकडून क्वचितच मिळते.) बाबागाड्या दुकानातून हलल्या नव्हत्या, त्या रद्द झाल्या. खुर्च्या गेल्या होत्या. त्यांचे पैसे मास्तरांनी हप्त्याहप्त्यानं भरायचे ठरले. कुणीतरी अनोळखी इसम तेव्हापासून रोज त्यांच्या पैशानं पाठ चोळून घेतोय, या विचारानं मास्तरांची पाठ दुखू लागली.

निघताना काचेपलीकडे एक बारीकशी मुलगी दिसली. तिच्या छातीवर ‘च्येन’ अशी पट्टी होती. मास्तरांना काहीतरी म्हणायचं होतं. शाळेतल्या सगळ्या वर्षांत ज्या वाक्याचा सराव झाला नव्हता, ते वाक्य ऐन वेळी सापडेना. ते तिच्यापुढे वाकले, चांगले खोल, आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. तीच घाबरून म्हणाली, “काका, पाणी देऊ का?”

घरी येऊन त्यांनी शनिवारचा वर्ग रद्द करायला घेतला. लाइबाई म्हणाल्या, डबे सांगून झालेत. युए-श्या म्हणाली, “जा की. आत्ता कुठे तुम्हाला विषय समजलाय.”

तेव्हा मास्तर गेले, आणि त्यांनी सगळं सांगितलं. धावतं घड्याळ, जादा अक्षर, संकेतांक, ताओयुआन, सगळं. मग खालच्या आवाजात म्हणाले, “घाई करणाऱ्या दुकानात शिरू नका. पत्ता स्वतः टाइप करा. संकेतांकाचा संदेश आधी पूर्ण वाचा. आणि फोन कुणाचाही असो, भांडू नका. ठेवा, आणि कार्डामागचा नंबर स्वतः लावा.” वर्गाच्या इतिहासात प्रथमच कुणीही झोपलं नाही. दोघीतिघींनी डोळे पुसले. काहींनी वहीत लिहूनही घेतलं.

“काही शंका?” मास्तरांनी विचारलं.

पुढच्या रांगेतल्या त्सेंगआजींनी हात वर केला. “मास्तर, पाकीट एकोणचाळीसलाच होतं ना हो? दुकानाचं नाव सांगा की जरा हळू.”

आणि सगळ्या वर्गानं मोबाइल बाहेर काढले.

दुकानाचं नाव या वृत्तांतात कुठेही दिलेलं नाही. ते नजरेतून निसटलं असेल म्हणून ज्या वाचकांनी आत्ता मजकूर पुन्हा वर सरकवून पाहिला, त्यांच्यासाठी वर्गात पुढची रांग राखून ठेवली आहे. डबा वर्गानंतरच मिळेल.