सिमेंटातली ओवाळणी

शालिक मिस्त्री अहेर घेऊन मांडवात शिरले की नवरीचा बाप हातोडी शोधायला लागतो.

यात अतिशयोक्ती नाही. अमरावतीत आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांनी मिस्त्रींचा अहेर पायरीवर ठेवून फोडला आहे. मिस्त्री पैसेच देतात, पण सिमेंटात घालून. नोटांची सुरळी करून औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरायची, बाटलीला प्लास्टिक गुंडाळायचं आणि तिच्याभोवती एकास तीन सिमेंट-वाळूच्या मालाची वस्तू ओतायची. लग्नात सिमेंटचा नारळ. शाळेतले गुरुजी निवृत्त झाले तेव्हा सिमेंटचं डस्टर. बारशाला खुळखुळा, आत खरी नाणी. तो खुळखुळा बाळाला उचलता आला नाही, म्हणून बाळाच्या आजोबांनी दोन्ही हातांनी वाजवला.

एका लग्नात नवरदेवाच्या मामाच्या पायावर नारळ पडला. मामा ओरडला, "पाकिटात द्यायले काय होते हो तुमाले?"

मिस्त्री शांतपणे म्हणाले, "पाकीट म्हंजे वापस करायची सोय."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरं ठरलेलं वाक्य, "फोडल्याशिवाय अहेर नाई." वस्तू देऊन ते निघून जात नाहीत. समोर खुर्ची ओढून बसतात, फुटेपर्यंत हलत नाहीत. जेवण नको, चहा नको. आयुष्य गवंडीकामात, परांचीवर उभं राहून खालच्या माणसांशी बोलण्यात गेल्यामुळे आवाज मोठा. तो आवाज मांडवभर, "हाण! आनखीन एक हाण!" नवरदेव फेटा सावरत बत्त्याने हाणतो आहे आणि फोटोवाला कोपऱ्यात हसतो आहे, असे फोटो आमच्याकडे अनेकांच्या अल्बमात आहेत.

मी आणि आई त्यांच्याच मागच्या खोलीत भाड्याने राहतो. माझे वडील अंजनगाव सुर्जीच्या बाजारात हमाली करायचे. आमच्या घरात पदवी मिळवणारा मी पहिला. निकालाच्या दिवशी मिस्त्रींनी मला सिमेंटचं पुस्तक दिलं. वर खिळ्याने कोरलं होतं, बी.ए. आणि खाली माझं पूर्ण नाव. तेव्हापासून ते मला 'बीए' याच नावाने हाक मारतात.

ते पुस्तक फोडायला माझा हात उठेना. माझं नाव तोवर कुणी कुठे कोरलं नव्हतं. आई म्हणाली, राहू दे, देव्हाऱ्यात नसेना का, बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवू. पण दुसऱ्या दिवशी बी.एड.ची फी भरायची शेवटची तारीख होती, आणि मिस्त्री समोर बसले होते. त्यांचा चेहरा मला आजही आठवतो. घाबरलेला होता.

"फोड ना बे, बीए. नाई फोडलं तं मी समजीन, तुले घ्याचंच नाई."

मी फोडलं. त्यांनी मोठा श्वास सोडला आणि आईला म्हणाले, "घेतलं बाप्पा यानं." फी मी भरली, पण देणारा माणूस इतका का घाबरला होता, हे मला समजलं नाही. 'बी' हे अक्षर असलेला तुकडा आईने अजून जपून ठेवला आहे.

गेल्या दिवाळीत ते समजलं.

माझी नोकरी अकोल्याला आहे. आठवडाभर तिथे राहतो, सुटीला आईकडे येतो. भाऊबीजेच्या दिवशी दुपारी मी निघायच्या तयारीत असताना मिस्त्री दारात आले. हातात ओल्या गोणपाटात बांधलेलं गाठोडं.

"तुमच्याकडं भाऊबीज नसते, तू मोकळा हायेस. अकोल्याले कुसुमकडं हे नेऊन दे."

कुसुमताई त्यांची धाकटी बहीण. एकुलती. ती आमच्याकडे आलेली मी कधी पाहिली नव्हती आणि मिस्त्री तिच्याकडे गेलेलेही पाहिले नव्हते. दरवर्षी कुणी दूधवाला, कुणी ड्रायव्हर तिच्यासाठी असं गाठोडं घेऊन जायचा आणि येताना तिच्याकडचा अनारशांचा डबा आणायचा. सोबत ना चिठ्ठी, ना निरोप.

गाठोड्यात सिमेंटची छोटी चूल होती. भातुकलीतली असते तशी. "लहानपणी मातीची करून द्याचो तिले," मिस्त्री म्हणाले. मग घाईने पुढचं सांगितलं. आधी ओतलेली चूल काढताना तडकली होती. ही काल संध्याकाळी ओतली. "हिरवी हाय अजून. वाटेत सुकू देऊ नको, पानी मारून तराई करत जाय. धक्का लागू देऊ नको. आन् दिवे लागायच्या आत पोच."

"दिवे लागायच्या आत का?"

"ते चंद्राले ओवाळते, असं आयकलं." मिस्त्रींनी मान वळवली. "ज्याईले भाऊ नसते, त्या ओवाळतात चंद्राले. बीजेची कोर लवकर मावळते. त्याच्या आत हे ताटात गेलं पायजे."

मी गाठोडं उचललं. त्यांनी माझं मनगट धरलं.

"बीए, आजपर्यंत सारे दारातून देऊन वापस आले. तू बस तिच्यासमोर. फोडते काय पाय. फोडल्याचा आवाज मले फोनवर आयकव."

"आणि नाही फोडलं तर?"

"तं मंग," ते म्हणाले, "पुढच्या सालापासून माल कालवत नाई मी."

एसटीत पाय ठेवायला जागा नव्हती. गाठोडं मांडीवर घेऊन, पाण्याची बाटली काखेत धरून मी कसाबसा बसलो. बडनेरा जायच्या आत शेजारच्या काकू म्हणाल्या, "कायचं पानी गळून राह्यलं हो भाऊ? मासोळ्या हायेत काय?"

"चूल आहे."

"चूल? आन् तिले पानी पाजता?"

मागून कुणीतरी म्हणालं, "शिकेल माणूस दिसते." बस हसली. मी शिंपडलेलं पाणी पुढच्या गृहस्थांच्या नव्या पँटवर गेलं होतं. त्यांनी मागे वळून नुसतं पाहिलं. फोन वाजला.

"बीए, पानी मारलं?"

"मारलं."

मूर्तिजापूरपर्यंत हा फोन पाच वेळा आला. पाचव्या वेळी कंडक्टरने विचारलं, "पेशंट सिरीयस हाय काय?"

मूर्तिजापूर सोडलं आणि एक म्हैस रस्त्यावर आली. ड्रायव्हरने ब्रेक मारला. उभी असलेली माणसं एकमेकांवर कोसळली आणि कुणाचं तरी कोपर थेट माझ्या मांडीवर आलं. गोणपाटाच्या आत बारीकसा आवाज झाला. कट्.

गोणपाट बाजूला करून पाहिलं तर चुलीच्या एका कानाजवळून खालपर्यंत केसासारखी रेघ गेली होती. फुटली असती तर परवडली असती का? नाही. वाटेतच फुटलेली चूल घेऊन मी कुणाच्या दारात जाणार होतो? ज्या माणसाच्या सिमेंटमुळे माझी फी भरली गेली, त्याने आयुष्यात पहिल्यांदा मला एक काम सांगितलं होतं. मी रेघेवर अंगठा दाबला आणि तो अकोल्यापर्यंत काढला नाही. फोन वाजत होता. उचलायला हात मोकळा नव्हता. काकूंनी माझ्या खिशातून फोन काढून परस्पर सांगितलं, "पानी मारून राह्यले हो ते! जीव नका खाऊ पोराचा!"

अकोल्यात उतरलो तेव्हा ऊन गेलं होतं. जुन्या शहरातल्या त्या गल्लीत रिक्षा शिरेना. मी पळालो नाही, पळता येत नव्हतं. लग्नाच्या वरातीत कलश घेतलेली बाई चालते तसा चाललो. पश्चिमेला कोर दिसायला लागली होती.

कुसुमताईंनी दार उघडलं. साठीच्या आसपासच्या, मिस्त्रींसारखंच रुंद कपाळ. हातात ओवाळणीचं ताट होतं, निरांजन पेटलेलं. गच्चीवर निघाल्या होत्या.

"शालिक मिस्त्रींकडून आलो."

त्यांनी ताट खाली ठेवलं, चूल हातात घेतली आणि कितीतरी वेळ नुसती पाहिली. रेघ दिसताच माझ्यासारखाच अंगठा तिच्यावर दाबला. मग भिंतीतल्या काचेच्या कपाटाकडे गेल्या.

कपाटात नारळ होता. संत्रं होतं. कापसाचं बोंड, बैलजोडीतला एक बैल, मक्याचं कणीस. एका ओळीत अकरा वस्तू. एकही फुटलेली नव्हती. धूळही नव्हती. त्यांनी चूल बाराव्या जागेवर ठेवली. ती जागा आधीपासून मोकळी होती.

मी म्हणालो, "ताई, ते फोडायचं असतं. आत पैसे आहेत."

"ठाऊक हाय मले."

"मग?"

त्या खाली बसल्या. समोर एक पाट मांडलेला होता, भोवती रांगोळी. पाट रिकामा.

"बाबाचं वावर दादाच्या नावावर कराचं होतं. मी हक्कसोडाची सही केली. राजीखुशीनं केली, बापू. तहसिलातून भायेर निघालो तं त्यानं तिथंच वऱ्हांड्यात माह्या हातात पाकीट देल्लं. भाऊबीज आठ दिवसांवर होती. मी म्हनलं, इथी कायले देतं दादा, घरी येऊन ताटात टाक. आन् पाकीट त्याच्या खिशात कोंबलं. त्याले वाटलं, मले कमी पडलं म्हनून वापस केलं. तवापासून तो आला नाई. हे येते." त्यांनी कपाटाकडे हात केला.

"पण फोडत का नाही?"

"फोडलं तं नोटा निंघतील. तो म्हनंल, घेतलं कुसुमनं, फिटलं. मंग त्यानं कायले यावं?"

फोन वाजला. मिस्त्रीच.

"पोचला? काय झालं? आवाज नाई आला मले."

मी कुसुमताईंकडे पाहिलं. त्यांनी नजर वळवली.

"मिस्त्री, फोडली नाही. एकही नाही. बाराच्या बारा कपाटात आहेत."

पलीकडून मग अगदी हळू, त्यांच्या तोंडून कधी न ऐकलेल्या आवाजात, "म्हंजे नाईच घेतलं तिनं."

फोन ठेवतील या भीतीने मी ओरडलोच, "रोज पुसतात त्या! काचेच्या कपाटात ठेवल्यात! आणि इथे पाट मांडलाय, मिस्त्री. रिकामा आहे. तुम्ही पैसे ताटात टाकायला याल म्हणून त्यांनी पाकीट परत केलं होतं. कमी पडले म्हणून नाही."

निरांजनाची वात तडतडली. कुसुमताईंनी तूप घातलं. गच्चीच्या जिन्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

मग फोनमधून नाक ओढल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ परांचीवरचा नेहमीचा आवाज, घरभर ऐकू जाईल असा.

"येडी कुठली! पयल्या तीनातल्या नोटा तं नोटबंदीतच बाद झाल्या!"

कुसुमताईंनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की काय, मला कळलं नाही.

"बीए," मिस्त्री म्हणाले, "आता बस हाय काय अकोल्याले?"

"आहे. दर अर्ध्या तासाला आहे."

"बारा नग फोडाचे म्हंजे..." ते थांबले. "हातोडी हाय काय रे तिच्या घरी? नसंल तं मी घेऊन येतो."

मी वर पाहिलं. दाराशेजारच्या खिळ्याला हातोडी टांगलेली होती, चांगली लाकडी दांड्याची. कुसुमताईंनीही तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहून हळूच मान हलवली. नाही म्हणून.

मला खोटं बोलता येत नाही. पण त्या दिवशी बोललो.

"नाही, मिस्त्री," मी म्हणालो. "घेऊन या."