तांबेकाकांचे रकाने

आमच्या सोसायटीतले तांबेकाका माणसांना आडनावावरून ओळखत नाहीत, रकान्यावरून ओळखतात. परवा लिफ्टमध्ये त्यांनी एका गृहस्थांची मला ओळख करून दिली. "हे बी विंगचे. 'पाणी गेलं की ओरडणारे' लावलं, की तिसरे येतात."

गृहस्थ नमस्काराला जोडलेले हात तसेच धरून उभे राहिले.

काका चाकणच्या एका कंपनीत तीस वर्षं स्टोअरला होते. निवृत्त होऊन मोशीत राहायला आले आणि सोसायटीची वेबसाइट त्यांच्या हाती लागली. वास्तविक ती सेक्रेटरी म्हणून माझ्याकडे होती. ज्या सभेला मी गेलो नव्हतो, तिथेच मी एकमताने सेक्रेटरी झालो होतो. पासवर्ड मला आठवत नव्हता; काकांनी तो माझ्या बायकोकडून मिळवला.

वेबसाइटवर सभासदांची यादी होती. ती नावाने लागायची, नाहीतर नोंदणीच्या तारखेने. काकांना हे पटेना. "नावावर माल लावतं का कुणी, राव? कामावर लावायचा!" मग त्यांना शोध लागला, की यादीत आपल्या मनाचे रकाने वाढवता येतात आणि रकान्याच्या डोक्यावर टिचकी मारली, की अख्खी यादी त्या क्रमाने लागते. झालं! रक्तगट आला, 'घरात शिडी आहे का' आलं. 'हाक मारली तर येतो का' या रकान्यात मला शंभरपैकी पंचवीस गुण होते. मी तक्रार केली.

"वीसच होते," काका म्हणाले. "वरचे पाच वहिनींकडं बघून वाढवलेत."

गेल्या महिन्यात सी विंगमधल्या एक आजी बाथरूममध्ये घसरल्या. त्यांच्या मुलीचा नंबर मिळेपर्यंत वॉचमनची दुपार झाली. तेव्हा कमिटीने ठरवलं, प्रत्येक घराचा अडीअडचणीचा नंबर रविवारपर्यंत गेटवर हवा. नाही जमलं, तर यादीचं काम काकांकडून काढून बाहेर देऊ, असंही एकाने सुचवलं.

"चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी घरं देतो," काका म्हणाले. 'काही झालं तर फोन कुणाला' असा नवा रकाना त्यांनी केला आणि आठवडाभर जिने चढून भरला.

शनिवारी सकाळी ते लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आले. चेहरा उतरलेला.

"सेक्रेटरी, एक घर गळतंय. नावानं लावली की चौऱ्याऐंशी, नव्या रकान्यानं लावली की त्र्याऐंशी. स्टोअरला माझा एक वॉशर कधी कमी आला न्हाई, हो!"

"आमचं घर आहे ना?"

"हाय. पयलं तुमचंच बघितलं."

मग बायको त्र्याऐंशीच्या यादीतली नावं वाचायला लागली आणि मी चौऱ्याऐंशीच्या यादीत खुणा करायला लागलो. पाऊण तास गेला. यादी संपत आली आणि तिचा आवाज थांबला.

"काका, यात तुमचंच नाव नाही."

काका स्क्रीनकडे बघत राहिले. "असं हाय होय. रकाना रिकामा असला, तर हे त्या माणसाचं नावच उचलत न्हाई."

"मग भरा की," मी म्हणालो.

"भरायला बसलो होतो. फोनमध्ये हिचाच नंबर वर येतो. ती जाऊन दोन वर्षं झाली. चुकीच्या कप्प्यात माल टाकायचा न्हाई, राव. म्हणलं, दुसरा कुणाचा तरी टाकू नंतर. मग लोकांचे भरण्यात..."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. एरवी तिच्या नजरेचा अर्थ मला तिसऱ्यांदा कळतो. या वेळी पहिल्यांदाच कळला. मी लॅपटॉप ओढला आणि त्या चौकटीत माझा नंबर टाकला.

काकांनी टिचकी मारली. चौऱ्याऐंशी. आपल्या नावावर बोट ठेवून त्यांनी तो नंबर एकेक आकडा करत वाचला.

"दुपारी झोपता तेव्हा फोन बंद असतो तुमचा," ते म्हणाले.

"नाही ठेवणार."

"वाजला तर उचलाल ना?" हे मात्र त्यांनी अगदी हळू विचारलं.

"यांनी नाही उचलला, तर मी आहे," बायको म्हणाली.

मिटत आणलेला लॅपटॉप काकांनी पुन्हा उघडला.

"थांबा वहिनी. मग 'दुसरा नंबर' असा एक रकाना वाढवतो."