मस्कतपर्यंत वायर ओढणारे खाजाभाई

आधी खाजाभाईंचं नाव घेतो, मग काय झालं ते सांगतो. उलट केलेलं त्यांना चालत नाही. आमच्या मुखेडात जयंतीच्या कार्यक्रमात आभार मानताना साउंडवाल्याचं नाव राहिलं, तर ते सरळ माईक बंद करायचे. पाहुणे तोंड हलवत उभे. कुणीतरी ओरडून "खाजाभाईंचे आभार" म्हटलं की माईक परत चालू.

खाजाभाई फोनवर हॅलो म्हणत नाहीत. "चेक, चेक. आवाज कसा येऊन राहिला?" असं विचारतात आणि आपण "चांगला येतोय" म्हणेपर्यंत पुढं सरकत नाहीत. कुणाच्या मयतीची बातमी द्यायची असली तरी आधी चेक, चेक. त्यानंतर "भतीजे, आज बेस कमी हाय तुझा, जेवला न्हाईस का?" मला पहिल्यांदा वाटलं, एवढ्या लांबून ह्या माणसाला माझी भूक ऐकू येते. माय म्हणाली, "येड्या, सगळ्यांनाच म्हणतेत ते."

मी नववीतून शाळा सोडली. मस्कतला एसीचे पत्र्याचे पाइप बसवतो. हात काम करतात, पण मोबाइलवर इंग्रजीत लाल अक्षर आलं की मी तो पालथा ठेवतो. वाटतं, माझंच काहीतरी चुकलं.

आमचे दादा, म्हणजे वडील, गायन पार्टीत गायचे. दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबायचं आणि जयंतीच्या महिन्यात गावोगाव जायचं. टेम्पोत ढोलकी, पेटी, खाजाभाईंचे भोंगे आणि भोंग्यांच्या मधे बसलेला मी. दादांनी वरचा सूर लावला की खाजाभाई मशीनजवळ उभे राहून छाती अशी पुढं काढायचे की जणू त्यांनीच लावला. प्रत्येक कार्यक्रम ते कॅसेटवर भरून घ्यायचे. त्यात दादांचा खोकला आहे, कुत्र्याचं भुंकणं आहे, "कंधारच्या पाहुण्यांची चप्पल स्टेजजवळ हाय" हेही आहे. कुणी म्हणालं की हे काढून टाका, तर खाजाभाई म्हणायचे, "खोकला काढला तर गळा कुणाचा म्हणून वळखायचा?"

पुढं ते नांदेडला गेले आणि लोकांच्या घरी कॅमेरे, इंटरनेट लावू लागले. इकडं दादांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. तेव्हा खाजाभाई एक काळा डबा घेऊन मुखेडला आले. कॅसेटींना बुरशी धरली होती, तरी पुसून पुसून सगळं गाणं त्यांनी त्या डब्यात भरलं, डबा वायरनं नेटला जोडला आणि माझ्या मोबाइलवर कसं ऐकायचं ते दाखवलं. "आता तू कुटंबी बस. दादा गात राहतील." कॅसेटी मग फेकाव्याच लागल्या. जे होतं ते त्या डब्यातच.

मस्कतला ड्यूटीवरून आलो की मी खोलीतल्या पोरांना दादांचं गाणं लावून दाखवायचो. ह्या वर्षी आम्ही कामगारांच्या कॅम्पातच जयंती करायचं ठरवलं आणि मी बोलून बसलो, "गायन आमच्या दादांचं." दादा घरी बसून व्हिडिओवर बघणार होते. माय सांगायची, "कळल्यापासून रोज दाढी करून राहिलेत. ऑपरेशन झाल्यापासून आरशात बघत नव्हते."

आणि नेमकं तेव्हाच गाणं तुटायला लागलं. दादांचे दोन शब्द, मग गोल फिरणारं चाक. परत दोन शब्द. डबा मरायला लागला असला तर?

खाजाभाईंना फोन लावला. चेक चेक झालं.

"रडू नको. भोंगा वाजत न्हाई तर आदी कुटं बघायचं?"

"भोंग्याजवळ."

"हाव. भोंगा म्हंजे तू. तुझ्याकडचंच नेट खराब हाय."

त्यांनी मला उन्हातून हॉटेलच्या नेटवर पाठवलं, मग मित्राच्या मोबाइलवर ऐकायला लावलं. सगळीकडं तुटायचंच. तरी ते दोन दिवस मस्कतच्या हवेला दोष देत होते. मी म्हणालो, "चाचा, एक-दोन गाणी कापून मोबाइलवरच पाठवा ना."

"कापायचं काम खाटकाचं," ते म्हणाले. "आख्खा कार्यक्रम जाईल, न्हाई तर मी साउंडवाला न्हाई."

मग त्यांनी मायला घरच्या नेटवर व्हिडिओ लावायला सांगितला. तो झरझर चालला. म्हणजे मस्कत बरोबर, घरचं नेटही बरोबर. उरला डबा आणि नेटपासून डब्यापर्यंतची वायर. ते म्हणाले, "आता हात लावल्याबिगर कळायचं न्हाई," आणि नांदेडहून एसटीनं मुखेडला गेले. मायनं मला मोबाइलवर सगळं दाखवलं.

"वैनी, डबा कुटं हाय?"

"लोखंडी कपाटात."

"कपाटात कशाला?"

"गल्लीत चोरी झाली की. सोनं कपाटात ठिवायचं, आन ह्यांचा आवाज उघड्यावर ठिवू का?"

कपाटाच्या फटीतून वायर आत गेली होती. कुलूप लागावं म्हणून माय रोज गुडघ्यानं दार दाबायची. दार उघडलं तर वायर पापडासारखी चपटी झालेली आणि डबा तव्यासारखा तापलेला.

"अरे बाप. वैनी, तुमी तर गळाच दाबला की हो त्याचा."

बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली. मग बाजेवर बसलेल्या दादांचे खांदे हलायला लागले. आवाज न करता दादा हसत होते, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. माय पदर तोंडाला लावून भिंतीकडं वळली.

खाजाभाईंनी नवी वायर ओढली. डबा बाहेर ठेवायला माय काही केल्या तयार होईना. शेवटी दुधातुपाचं जाळीचं कपाट रिकामं केलं, डबा त्यात बसवला, वायरीपुरती जाळी कापली आणि वर कुलूप. हवा पण लागते, किल्ली पण मायच्या कमरेला.

जयंतीच्या संध्याकाळी कॅम्पात पोरं दाटीवाटीनं बसली होती. कार्यक्रम सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालला, खोकल्यासकट, चपलेसकट. एकदाही चाक फिरलं नाही. मोबाइलवर दादा पांढरा शर्ट घालून बसलेले. आधी अवघडलेले होते. मग पोरांनी धरलेला ताल बघून त्यांची बोटं बाजेच्या कडेवर चालू लागली. खाजाभाई शेजारी होते, पण आमच्याकडं बघत नव्हते. पूर्णवेळ दादांच्या बोटांकडं बघत होते.

संपल्यावर मी विचारलं, "चाचा, चांगलं वाजलं ना?"

"एकदम. बोटं कुटंच थांबली न्हाईत."

मला ते उत्तर कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मायनं सांगितलं. भोंग्याखाली उभं राहून राहून खाजाभाईंचे कान गेलेत. फोन मोठ्यानं लावला तर बोललेलं कळतं, गाण्याचा नुसता गलका. त्यांची पोरं हैदराबादला, त्यांनाही सांगितलेलं नाही. डबा नीट झाल्यावरही ते मुखेडला येत राहिले होते. दादांसमोर बसायचे, गाणं लावायचे आणि बोटांवरून ओळखायचे की आता कुठलं कडवं चालू आहे. "एक बोलत न्हाई, एक ऐकत न्हाई," माय म्हणाली, "पण चहा गार होईस्तोर उठत न्हाईत."

खाजाभाई, तुमचं नाव मी वर घेतलं आहे, राहिलेलं नाही. पुढच्या सुट्टीत येईन तेव्हा तुम्हाला कानाच्या डॉक्टरकडं नेणार आहे. तुम्ही नको म्हणाल, मस्कतच्या हवेला दोष द्याल. द्या. टेम्पोत घालून नेईन, पण दादांचा वरचा सूर तुम्हाला परत ऐकवीन.