कॉम्प्युटरातला तंबोरा

"तंबोरा फुटला तं फुटला! कायले रडून राहिले, बाबा? माह्या कॉम्प्युटरात चार तंबोरे हायेत. म्हणाल त्या पट्टीत!"

गोवर्धनने हे वाक्य भजनी मंडळाच्या भर बैठकीत टाकलं, आणि केशोरीच्या हनुमान मंदिरात अशी शांतता पसरली की समईलाही वाटलं असेल, आपण जरा जपून जळावं.

प्रसंगही तसाच होता. कार्तिकातल्या सप्ताहाची सांगता तिरोड्याच्या सुलोचनाबाईंच्या कीर्तनाने व्हायची होती. सुलोचनाबाईंचं कीर्तन म्हणजे काय सांगावं! भावाभावांतलं भांडण घेऊन माणूस मांडवात बसावा आणि उठताना त्यानेच भावाच्या चपला शोधून द्याव्यात, असा तो प्रसाद. बाई साध्या, कुठेही जेवत, कुठेही निजत, हट्ट एकच. तंबोऱ्याचा सूर मागे असल्याशिवाय उभ्या राहत नसत. आणि मंडळाचा तंबोरा? उंदरामागे धावणाऱ्या मांजरीने तो आदल्याच दिवशी खुंटीवरून पाडला. भोपळा असा उकलला, जणू बाजारातलं टरबूज!

मंडळाचे अध्यक्ष होते दुलीचंद, म्हणजे गोवर्धनचे वडील. त्यांनी मुलाकडे पाहिलं. त्या नजरेत आशा फार थोडी होती; राग जुना होता.

"तुह्या त्या डब्यात तंबोरे? मंग आतापर्यंत आत मोटारी काऊन भुंकत होत्या रे?"

"गाई-म्हशी एकाच गोठ्यात राहतात नं, बाबा? तसंच हाये हे!"

या डब्याची कहाणी सांगायलाच हवी. गोवर्धनने तो बांधला होता. विकत आणला असं म्हणणं हा त्याचा अपमान ठरेल. एकेक सुटा भाग गोंदियाहून पोटाशी धरून आणायचा, बसमध्ये स्वतः उभं राहायचं आणि आपल्या जागी मदरबोर्डला बसवायचं! डब्याची एक बाजू कायम उघडी असे, कारण "त्याले गरम होते." उन्हाळ्यात घरातला एकुलता टेबलपंखा डब्यासमोर फिरे आणि बायको चंदा सुपाने वारा घेत म्हणे, "पुढच्या जन्मी मले मशीन कर रे देवा. निदान नवरा पुसून तरी ठेवील!"

पण गडी गुणी होता, हे कोणीही कबूल करावं. बंद पडलेला रेडिओ त्याला पाहून आपणहून खरखरायला लागे. आणि छंद? मोटारींच्या शर्यतीचा गेम. त्या गेमसाठी त्याने काय अक्कल लढवली होती! केशोरीत तेव्हा वीज पाहुणीसारखी यायची. कधी येईल, किती वेळ बसेल, नेम नाही. म्हणून गोवर्धनने मशीनच्या पोटात अशी तजवीज केली होती, की वीज आली रे आली की कॉम्प्युटर आपोआप सुरू व्हायचा आणि सुरू झाला की गेम आपोआप उघडायचा. बटण दाबण्यातसुद्धा वीज वाया जायला नको! वीज आली की सारं गाव विहिरीवरची मोटर चालू करायला धावे. गोवर्धनची मोटर तोवर शर्यतीच्या रेषेवर गुरगुरत उभी असे.

याच गेमपायी पावसाळ्यात घात झाला होता. धानाच्या पऱ्ह्यांची, म्हणजे लावणीच्या रोपांची, राखण सोडून गडी 'शेवटचा एक फेरा' मारायला घरी आला आणि तेवढ्यात गुरांनी अर्धे पऱ्हे फस्त केले. तेव्हापासून दुलीचंद डब्याकडे कसायाच्या नजरेने पाहत होते.

"आयक," ते बैठकीत उठून म्हणाले. "तंबोरा वाजला तं डबा घरात. बाईच्या कीर्तनात इघ्न आलं तं दुसऱ्या दिवशी डबा गोंदियाले वापस. सुटा सुटा करून! मंडळासमोर बोलून राहिलो."

"मंजूर!" गोवर्धन म्हणाला. घरी येऊन त्याने हे चंदाला सांगितलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "शेवटचं पुसून घ्या त्याले."

सांगतेच्या दिवशी सायंकाळी मांडव असा भरला, की मुंगीनेही घसा खाकरून वाट मागावी. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, पुढे म्हातारे. भोंग्याचं मशीन बॅटरीवर चालणारं, त्यामुळे विजेची भीती त्याला नव्हती. कॉम्प्युटर व्यासपीठाच्या खाली, सतरंजी झाकून, अगदी माइकजवळ ठेवला. त्याच्यासोबत यूपीएस नावाचा त्याचा धाकटा भाऊ. वीज गेली की कॉम्प्युटरला थोडा वेळ पाठीवर घेणारा. गोवर्धनने आवाजाची वायर भोंग्याच्या मशीनला जोडली, माऊस हलवला, आणि...

"झंऽऽऽ..."

अहाहा! असा गोड, असा दाट सूर, की तबल्यावर बसलेल्या भैय्यालालचे डोळे आपोआप मिटले. सुलोचनाबाईंनी कान दिला, मान डोलावली, इकडेतिकडे पाहिलं.

"वादक कुठे बसलेत?"

"खाली हायेत जी," दुलीचंद घाईघाईने म्हणाले. "लाजतात."

बाई हसल्या आणि उभ्या राहिल्या. नमन झालं. पूर्वरंग असा चढला की पुढच्या ओळीतला दमेकरी म्हातारा खोकायचंच विसरला. विषय होता, वेळ हातची जाण्याआधी देवाला हाक मारावी. गोवर्धन खांबाला टेकून ऐकत होता. छाती अशी फुगलेली, की सदऱ्याच्या गुंड्या एकमेकींना निरोप देत होत्या.

आणि पट्! वीज गेली.

मंडळातल्या शालीकरामने पेट्रोमॅक्स आधीच पेटवून ठेवले होते, म्हणून उजेड राहिला. भोंगा राहिला. यूपीएसने तंबोराही उचलून धरला. पण यूपीएसची एक खोड असते. पाठीवर ओझं आलं की तो कण्हतो. माइक अगदी त्याच्या उशाशी!

"टीं!" सगळ्या केशोरीभर भोंगा कण्हला. "टीं! ... टीं!"

दुलीचंदांनी गोवर्धनकडे पाहिलं. गोवर्धनने छताकडे पाहिलं.

सुलोचनाबाईंनी हात वर केला. "ऐकलंत? हे यंत्र काय सांगून राहिलंय? याला कळलं, आपली वीज सरत चालली. कळल्याबरोबर ओरडायला लागलं! आणि आपण? केस पिकले, दात पडले, गुडघे बोलायला लागले. आपली वीज सरत नाही का, बाबांनो? मग कधी ओरडणार? यंत्राला कळतं, ते माणसाला कळू नये?"

"वाऽऽ!" मांडव उसळला. दमेकरी म्हातारा मोठ्याने म्हणाला, "आपली तं कवाची टींटीं होऊन राहिली, बाई!"

"मग घ्या नाव! विठ्ठल विठ्ठल!"

भैय्यालाल मोठा हुशार. त्याने 'टीं'च्या नेमावर सम पकडली आणि ठेका धरला. टीं, विठ्ठल! टीं, विठ्ठल! यूपीएसचा जीव घाबरा होत गेला तसा तो भराभर कण्हायला लागला, तशी लय चढली, टाळ पेटले, बायकांच्या बाजूने टाळ्यांचा पाऊस! केशोरीत इतका द्रुत नामघोष कधी झाला नव्हता. गोवर्धनला मात्र ठाऊक होतं, हे कण्हणं म्हणजे शेवटची घरघर. तो भैय्यालालच्या कानाशी वाकला.

"काका, सांभाळा. मी शालीकरामच्या घरचा जनरेटर घेऊन येतो!"

"जा! पण लय उतरवू नको म्हण याले!"

गोवर्धन अंधारात पळाला. इकडे यूपीएसने एक लांब हंबरडा फोडला आणि मान टाकली. तंबोरा गेला. टाळ थांबले. मांडव एकदम असा रिकामा वाटला, जसं लग्नघर वऱ्हाड गेल्यावर.

दुलीचंद हात जोडून उठायला लागले. "बाई, माफी करा जी..."

"बसा, दुलीचंदजी. सूर गेला कुठे?" बाई शांतपणे म्हणाल्या. "आतापर्यंत यंत्र देत होतं. आता तुम्ही द्या. सगळ्यांनी. ओठ मिटून. म्हणा, म्ऽऽऽ..."

आधी पुढच्या चार म्हाताऱ्यांनी धरला. मग बायकांनी. मग सगळ्या मांडवाने. काय सांगावं! ज्यांना अंगाईसुद्धा सुरात येत नाही, अशी माणसं. पण सगळ्यांचा मिळून जो सूर लागला, तसा सूर कोणत्या भोपळ्याला आणि कोणत्या यंत्राला जमणार? गावच तंबोरा झालं होतं. त्या सुरावर उभ्या राहून सुलोचनाबाईंनी गजेंद्रमोक्षाचं आख्यान लावलं.

हत्ती तळ्यात उतरला. मगरीने पाय धरला. सोयरे आले, ओढून दमले, निघून गेले. उरला एकटा गजेंद्र. सोंडेत एक कमळ. बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

"आणि मग," बाईंनी एक हात सोंडेसारखा उचलला, "गजेंद्राने सोंड वर केली आणि हाक मारली... नारायणाऽऽ!"

त्याच क्षणी वीज आली!

भोंगा खरखरला. आणि साऱ्या केशोरीवर एक जाड, परदेशी आवाज कोसळला.

"थ्री! टू! वन! गोऽऽ!"

"भर्रर्रर्र! घ्रांऽऽऽऽ!"

मांडवातली पोरं उभी राहिली. पारावरची कुत्री पळाली. दुलीचंदांच्या हातातली बुक्क्याची वाटी त्यांच्याच धोतरावर. आणि गोवर्धन? तो वाटेत जनरेटर ढकलगाडीवर घालून ढकलत होता. त्याने भोंग्यातून आपल्याच मोटारीचा आवाज ओळखला, जसा बाप बाजारात हरवलेल्या पोराचा ओळखतो.  गेम! आपणहून उघडला! खेळणारा कोणी नसला की तो गेम नमुन्याची शर्यत स्वतःच दाखवी, आणि आज तर भोंग्यावरून!

ढकलगाडी तिथेच सोडून तो मांडवाशी पोचला. पण आत शिरणार कसा? कीर्तनात बसलेल्या माणसाला ओलांडू नये. तो "सरका जी, सरका जी" करत राहिला. कोणी हललंच नाही. कारण सगळे व्यासपीठाकडे पाहत होते.

सुलोचनाबाईंनी क्षणभर डोळे मिटले. मग पदर खोचला, दोन्ही हात आभाळाकडे फेकले.

"निघाला! हाक पोचली! वैकुंठातून निघाला! ऐका त्याचा वेग!"

"घ्रांऽऽऽऽ!"

"लक्ष्मी विचारते, अहो, कुठे? उत्तर द्यायला वेळ नाही!"

"किर्रर्रर्रीऽऽच!" मोटारीने वळण घेतलं.

"मेरूपर्वताला वळसा घातला!"

"धडाम्!" मोटार भिंतीवर आपटली.

 बाई गरजल्या, "गरुड! गरुड थकला, मागे पडला! देव म्हणाला, राहू दे वाहन! भक्तासाठी मी पायी धावतो!"

"जय हरी विठ्ठलऽऽ!" भैय्यालालने तबला असा वाजवला, की शाई उडायची बाकी राहिली.

आणि मग शर्यत संपली. गेममधल्या प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. बाईंनी त्याची पुष्पवृष्टी केली. लगेच तोच जाड आवाज म्हणाला, "यू लूज!"

दमेकरी म्हाताऱ्याने हात जोडून विचारलं, "बाई, देव इंग्रजीत काय बोलले जी?"

"मगरीला बोलले," बाई म्हणाल्या. "तू हरलीस!"

त्यानंतर जे झालं त्याला जयघोष म्हणणं फार कमी पडेल. मांडवाचे वासे हलले. त्या गलक्यात कुठेतरी गोवर्धन पोचला आणि त्याने वायर उपटली.

आरती झाली. गोवर्धन गुन्हेगारासारखा खांबामागे उभा. सुलोचनाबाईंनी त्याला जवळ बोलावलं, कपाळाला बुक्का लावला.

"तूच का तो लाजणारा वादक?"

"चूक झाली, बाई. बाबा आता मशीन इकणार हायेत. सुटं सुटं करून."

बाई वळल्या. "दुलीचंदजी, आज याच्या यंत्राने माझी परीक्षा घेतली. अशी परीक्षा फार दिवसांत कोणी घेतली नव्हती. काही करा, यंत्र विकू नका."

"छे जी! इकीन कायले?" दुलीचंद बुक्क्याने काळं झालेलं धोतर सावरत म्हणाले. त्यांचे डोळे ओले होते. "बाई, त्यात देव धावला!"

डबा वाचला! त्या रात्री गोवर्धन लहान मुलासारखा झोपला. सकाळी उठून पाहतो, तर टेबल रिकामं!

"चंदा! मशीन कुठी गेलं?"

"देवघरात. मामाजीनं नेलं," चंदा तांदूळ निवडत सासऱ्यांविषयी म्हणाली. "हळदकुंकू लावलं त्याले. आंघोळीशिवाय हात लावायचा नाई म्हणतात."

गोवर्धनने थंड पाण्याच्या दोन बादल्या अंगावर घेतल्या आणि ओलेत्यानेच देवघराच्या दारात गेला. आत दुलीचंद पाटावर मांडी घालून बसले होते. गळ्यात माळ, पडद्यावर मोटार, आणि बोटं बाणांच्या बटणांवर. धडाम्! मोटार भिंतीवर. मागे घेतली. धडाम्! पुन्हा भिंतीवर.

"बाबा, सरका थोडे. मी दाखवतो."

"हात नको लावू!" दुलीचंदांनी पडद्यावरची नजर काढली नाही. "देव अजून तळ्यापाशी पोचला नाई!"

गोवर्धन उंबऱ्यावर बसला. अजून बसलेलाच आहे. दुलीचंदांचा हात मोटारीवर अद्याप बसायचा आहे, आणि केशोरीतला तो गजेंद्र बिचारा मगरीच्या तोंडातच आहे!