फिदेन्सियोचा उपवासकाळ

यंदा गुड फ्रायडेच्या मिरवणुकीत येशूचं काम फिदेन्सियो करणार, असं फादर एउसेबियोंनी चर्चमधली मिस्सा संपता संपता जाहीर केलं, तेव्हा पहिल्या बाकावरच्या दोन्या अंपारो, म्हणजे अंपारोबाई, मोठ्यांदा हसल्या.

"फादर, हा? गेल्या जत्रेत यानं बँडवाल्याला त्याच्याच ढोलात कोंबलं होतं!"

"म्हणूनच," फादर म्हणाले. "गावातली तरणी पोरं चर्चकडे फिरकत नाहीत. म्होरक्या आला की बाकीची येतील."

सान बार्तोलो गावाचा रिवाज जुना होता. येशू होणाऱ्यानं ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळभर दारूला शिवायचं नाही, शिवी द्यायची नाही, हात उगारायचा नाही आणि मागेल त्याला नाही म्हणायचं नाही. फिदेन्सियो गॅरेज चालवायचा, आणि शिवी न देता गंजलेला बोल्ट निघतो यावर त्याचा विश्वास नव्हता. पण त्याला दोन्या अंपारोंची मुलगी रोसाल्बा हवी होती, रोसाल्बालाही तोच हवा होता, आणि दोन्या अंपारो त्याला आपल्या तोर्तियांच्या, म्हणजे मक्याच्या रोट्यांच्या, दुकानाची पायरीसुद्धा चढू देत नव्हत्या. आता मात्र चारचौघांत त्या बोलून गेल्या, "गुड फ्रायडेपर्यंत हा सरळ राहिला, तर लग्नाचं मी मनावर घेईन!"

गावाला आयतंच फावलं. रोसाल्बावर डोळा असलेला क्रिसान्तो दुसऱ्याच दिवशी गॅरेजात हजर झाला.

"मोटरसायकल दे."

"आणि मी कशावरून फिरू?"

"येशू गाढवावरून फिरायचा. मी काय वेगळं सांगतोय?"

मोटरसायकल परत आली ती वाकड्या हँडलची. फिदेन्सियोनं दात खाल्ले आणि हँडल सरळ केलं. मग फुकट दुरुस्तीसाठी गॅरेजपुढे गाड्यांची रांग लागली. गावातल्या म्हाताऱ्या बायका घरचे पाण्याचे पंप मुद्दाम खोलून ठेवायच्या आणि त्याला बोलवायच्या. हा आज भडकणार, उद्या भडकणार, या आशेनं त्याचे दोस्त दर रविवारी मिस्साला यायला लागले. पोरं का येतात, ते फादरांनी विचारलं नाही.

गुड फ्रायडेला रोमन शिपाई झालेल्या क्रिसान्तोनं दोरीच्या खोट्या चाबकाऐवजी खरा चामड्याचा पट्टा आणला होता. दोन फटक्यांतच लोकांच्या ते लक्षात आलं. क्रूसाखाली वाकलेल्या फिदेन्सियोनं मान वर केली. आता हा भडकणार, म्हणून त्याचे दोस्त टाचा उंचावून बघायला लागले.

"क्रिसान्तो, घामानं भिजलायस रे," तो म्हणाला. "जरा पाणी पी."

क्रिसान्तोच्या हातून पट्टा गळून पडला. सगळं गाव रडलं, आणि दोन्या अंपारोंच्या हुंदक्यांपुढे बँड ऐकू येईना.

शनिवारी सकाळी दोन्या अंपारो गरम तोर्तियांची टोपली घेऊन गॅरेजात आल्या. मागे रोसाल्बा होती. फिदेन्सियोनं घाईनं हात पुसले.

"बाळा, मी तुला ओळखलंच नव्हतं," दोन्या अंपारो म्हणाल्या. "असल्या मुलाला संसारात अडकवणं पाप आहे. फादरांशी बोललेय मी. तू सेमिनरीत जा, धर्मगुरू हो."

त्यांची पाठ वळताच रोसाल्बानं त्याची कॉलर धरली. "कर काहीतरी! पी, भांड, शिव्या दे! इतका चांगला व्हायला कुणी सांगितलं होतं तुला?"

तो गुत्त्यात गेला. मालकानं आदरानं टोपी काढली आणि पुढ्यात चिंचेचं सरबत ठेवलं. तो भांडायला क्रिसान्तोकडे गेला. क्रिसान्तोनं गुडघे टेकून त्याची माफी मागितली. वाईट व्हायचं म्हटलं तरी कुणी होऊ देईना.

ईस्टरच्या मिस्साला दोन्या अंपारोंनी उभ्या राहून तो सेमिनरीत जाणार, ही आनंदाची बातमी जाहीर केली. टाळ्यांचा कडकडाट झाला. फिदेन्सियो लालबुंद होऊन उठला.

"फादर, मी हे देवासाठी केलं नव्हतं. रोसाल्बासाठी केलं. पहिले काही आठवडे नुसते दात खात होतो. मग ते कधी थांबलं, मलाच कळलं नाही. आता कुणी बोलावलं नाही तरी पंप बघायला जावंसं वाटतं. पण मला लग्न करायचंय."

फादरांनी डोळे मिटले.

"ऐकलंत?" दोन्या अंपारो गहिवरल्या. "भर चर्चमध्ये, स्वतःचं नुकसान करून खरं बोलतो! असा मुलगा देवाच्या सेवेला..." आणि त्या थबकल्या. त्यांनी फिदेन्सियोकडे पाहिलं, मग मुलीकडे.

"आमचे हे, देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो, जन्मात कधी खरं बोलले असतील तर शपथ," त्या सावकाश म्हणाल्या. "फादर, सेमिनरीसाठी तुम्ही दुसरा बघा. हा मला हवा."

फिदेन्सियोनं सुटकेचा निःश्वास टाकला. संध्याकाळी दोस्तांबरोबर थंडगार बिअर, हा विचार त्याच्या मनात येतो न येतो, तोच दोन्या अंपारोंनी बोट रोखलं.

"पण आता हे असंच राहायचं. जन्मभर."

त्यानं आशेनं रोसाल्बाकडे पाहिलं. ती आईच्या शेजारी उभी राहून मान डोलवत होती.